फ्रिक्वेन्सी मर्यादेत होती, तरी ग्रिड कोसळलं : जुलै २०१२ च्या दोन दिवसांचा प्रकरण अभ्यास

सोमवार, ३० जुलै २०१२. पहाटेचे २ वाजून ३३ मिनिटं. मध्य प्रदेशातल्या बीना उपकेंद्रात एका रिलेनं, म्हणजे दोष ओळखून वाहिनी आपोआप तोडायला लावणाऱ्या उपकरणानं, ग्वाल्हेरकडे जाणारी ४०० के.व्ही. वाहिनी तोडली. वाहिनीवर दोष कुठेच नव्हता. तार तुटली नव्हती, इन्सुलेटर फुटला नव्हता, झाडाची फांदीही टेकली नव्हती. तरीही काही सेकंदांत दिल्ली, उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तराखंड, हिमाचल आणि जम्मू-काश्मीर मिळून सुमारे ३६,००० मेगावॅटचा भार गेला. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी १ वाजता, तीच वाहिनी त्याच प्रकारे तुटली. या वेळी उत्तरेसोबत पूर्व आणि ईशान्य विभागही गेले. सुमारे ४८,००० मेगावॅट भार बंद झाला. ज्या राज्यांना झळ बसली, त्यांत साठ कोटींहून अधिक लोक राहतात.

स्मार्ट ग्रिड, बॅटऱ्या, स्वयंचलित नियंत्रण अशी चर्चा आज जोरात चालते. ती करताना या दोन दिवसांचा क्रम हाताशी ठेवावा. कोणतं तंत्रज्ञान खरोखर लागतं, ते नेमकं कुठे बसवायचं आणि बसवूनही ते का चालत नाही, हे या एका प्रकरणातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसेल.

तेव्हाचं जाळं

त्या वेळी भारतात दोन स्वतंत्र फ्रिक्वेन्सी (एसी विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) होत्या. उत्तर, पश्चिम, पूर्व आणि ईशान्य हे चार विभाग एकमेकांना एसी वाहिन्यांनी जोडलेले होते, म्हणजे चौघांचं चाक एकाच गतीनं फिरत होतं. दक्षिण विभाग वेगळा होता. तो तालचेर-कोलार, गाजुवाका आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावती इथल्या एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी) दुव्यांनी जोडलेला होता. भद्रावतीच्या १,००० मेगावॅटच्या बॅक-टू-बॅक केंद्रात एका बाजूच्या एसीचं डीसी करून दुसऱ्या बाजूला पुन्हा एसी करतात. वीज पलीकडे जाते, फ्रिक्वेन्सी जात नाही. याच कारणामुळे उत्तरेतली पडझड दक्षिणेत पसरली नाही. मंगळवारी तालचेर-कोलारमधून येणारी वीज तुटली तेव्हा दक्षिणेची फ्रिक्वेन्सी बरीच खाली गेली, पण फ्रिक्वेन्सी ठरलेल्या आकड्याखाली गेली की भार तोडणाऱ्या तिथल्या अंडर-फ्रिक्वेन्सी रिलेंनी भार कापला आणि विभाग सावरला.

हवामानानंही परिस्थिती बिघडवली होती. उत्तरेत पाऊस ओढ देत होता, त्यामुळे शेतीपंप आणि वातानुकूलन दोन्हींची मागणी चढलेली होती. पश्चिमेत पाऊस झाल्यानं मागणी उतरली होती. उत्तरेतली राज्यं ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा जास्त वीज ओढत होती आणि पश्चिमेतली राज्यं ठरल्यापेक्षा कमी घेत होती. ही जादा वीज पश्चिमेकडून उत्तरेकडे जायला वाट शोधत होती आणि वाटा मोजक्याच उरल्या होत्या. बीना-ग्वाल्हेर-आग्रा मार्गाचं दुसरं सर्किट ७६५ के.व्ही.वर नेण्याच्या कामासाठी २८ जुलैपासून बंद होतं. गुजरात-राजस्थान दरम्यानच्याही काही वाहिन्या त्या काळात बंद होत्या. पश्चिम आणि उत्तर यांच्यातला एसी दोर जवळजवळ एकाच सर्किटवर येऊन ठेपला होता.

अशा वाहिनीचा नैसर्गिक भार, म्हणजे ज्या भाराला ती रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज टिकवायला लागणारी वीज) ना घेते ना देते, ४०० के.व्ही.वर ढोबळमानानं ६०० ते ७०० मेगावॅट असतो. प्रत्यक्षात तिच्यावर याच्या जवळपास दुप्पट भार होता. भार या मर्यादेच्या वर गेला की वाहिनी स्वतःच रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर गिळू लागते आणि टोकाकडचं व्होल्टेज खाली येतं. तार गरम होऊन लोंबण्याचा धोका इथे दुय्यम होता. खरा धोका व्होल्टेजचा आणि दोन टोकांमधल्या कोनाचा होता, म्हणजे दोन टोकांच्या व्होल्टेजच्या लाटा एकमेकींच्या किती मागेपुढे आहेत त्याचा.

आता नियंत्रण कक्षातला फ्रिक्वेन्सीचा आकडा पाहा. सोमवारच्या घटनेच्या आधी ४९.६८ हर्ट्झ, मंगळवारच्या आधी ४९.८४. तेव्हाची परवानगी ४९.५ ते ५०.२ हर्ट्झ. दोन्ही वेळा फ्रिक्वेन्सी मर्यादेत होती.

हे समजायला सोपं आहे, पण ऑपरेटरच्या सवयीत उतरायला फार काळ लागला. फ्रिक्वेन्सी सांगते की एकूण निर्मिती आणि एकूण मागणी यांचा मेळ बसतोय की नाही. वीज कुठे तयार होतेय, कुठे खर्च होतेय आणि मधली वाट किती ताणली गेली आहे, हे ती सांगत नाही. ते कळतं दोन टोकांच्या व्होल्टेजमधल्या कोनावरून. वाहिनीतून जाणारी वीज त्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात वाढते. ९० अंशांच्या दिशेनं कोन सरकू लागला की जरासा धक्काही दोन्ही टोकांचा ताळमेळ सोडवतो. त्या रात्री कोन वाढत होता. तेव्हाच्या स्काडामध्ये, म्हणजे दुरून देखरेख करणाऱ्या यंत्रणेत, काही सेकंदांनी एकदा येणाऱ्या मेगावॅट आणि व्होल्टेजच्या आकड्यांत तो थेट दिसत नव्हता.

विभागीय भार प्रेषण केंद्रांनी राज्यांच्या केंद्रांना वारंवार कळवलं होतं: उत्तरेनं ओढ कमी करा, पश्चिमेनं निर्मिती उतरवा. चौकशी समितीनं ज्या चार कारणांवर बोट ठेवलं, त्यांत या सूचनांना राज्यांकडून पुरेसा प्रतिसाद न मिळणं हे एक आहे. उरलेली तीन अशी: एकाच वेळी अनेक वाहिन्या बंद असल्यानं कमकुवत झालेले आंतरविभागीय दुवे, बीना-ग्वाल्हेर-आग्रा मार्गावरचा अतिभार आणि संरक्षण यंत्रणेच्या चुकीच्या कृतीमुळे त्या मार्गाचं तुटणं.

रिलेला काय दिसलं

डिस्टन्स रिले व्होल्टेजला करंटनं भागतो आणि आलेल्या रोधावरून दोष किती अंतरावर आहे ते ठरवतो. झोन १ वाहिनीच्या साधारण ८० टक्के लांबीपर्यंत पाहतो आणि लगेच तोडतो. झोन २ पलीकडच्या उपकेंद्राच्या थोडा पुढे पोहोचतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आसपास थांबतो. झोन ३ ही राखीव फळी आहे. पुढच्या वाहिनीवरचा दोष तिथल्या रिलेनं काढला नाही तर साधारण एका सेकंदानं हा तोडतो. त्यासाठी त्याला लांबपर्यंत पाहावं लागतं. बीना-ग्वाल्हेर आणि पुढचा ग्वाल्हेर-आग्रा असे दोन टप्पे धरले तर अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जातं. किलोमीटरला सुमारे ०.३ ओहम धरला, तर झोन ३ ची पोहोच शंभर ओहमच्या आसपास येते.

आता भाराचा रोध काढून पाहू. ४०० के.व्ही. आणि ७०० एमव्हीए (रिअॅक्टिव्ह पॉवर धरून मोजलेला एकूण भार) असेल तर व्होल्टेजचा वर्ग भागिले एमव्हीए, म्हणजे सुमारे २२८ ओहम. झोन ३ पासून पुष्कळ दूर. भार १,४०० एमव्हीए झाला आणि व्होल्टेज ३८० के.व्ही.वर आलं, तर १०३ ओहम. व्होल्टेज आणखी १० के.व्ही.नं उतरलं तर ९८. भार वाढला की व्होल्टेज घटतं, आणि ते सूत्रात वर्गानं येतं, त्यामुळे रोध दुहेरी वेगानं खाली सरकतो. शिवाय रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचा वाटा वाढला की त्याचा कोनही दोषाच्या कोनाकडे झुकतो. झोनचा आकार आणि त्याची आडवी, म्हणजे रेझिस्टिव्ह, पोहोच यांवर बरंच अवलंबून असतं. पण दिशा हीच. भार फिरत फिरत झोन ३ च्या कक्षेत शिरतो आणि रिले त्याला दूरचा दोष समजतो. संरक्षण विभागात याला लोड एन्क्रोचमेंट म्हणतात. त्यावर उपायही जुना आहे: भाराचा पट्टा वगळणारा ब्लाइंडर लावणं आणि झोन ३ ची रेझिस्टिव्ह पोहोच वाहिनीच्या आपत्कालीन भाराशी, घटलेलं व्होल्टेज धरून, ताडून पाहणं. सेटिंगच्या कागदावर हा हिशेब नेहमीच्या भारासाठी आणि पूर्ण ४०० के.व्ही.साठी केलेला असतो. संकटाच्या रात्री यातलं एकही गृहीतक टिकत नाही.

बीनाच्या रिलेनं त्याला दिलेल्या सेटिंगप्रमाणेच काम केलं. चूक सेटिंगमध्ये होती, आणि रोजच्या भारात ती कधीच दिसत नाही.

पुढचे सेकंद

वाहिनी तुटताच पश्चिमेची वीज पूर्व विभागातून वळसा घेऊन उत्तरेकडे जाऊ लागली. ही वाट फार लांबची, त्यामुळे कोन झपाट्यानं वाढला आणि यंत्रणा हेलकावे खाऊ लागली. अशा हेलकाव्यात जाळ्याच्या एका ठिकाणी व्होल्टेज जवळजवळ शून्याला टेकतं. त्या ठिकाणाभोवतालच्या रिलेंना ते शॉर्ट सर्किटसारखं दिसतं आणि ते वाहिन्या तोडतात. सोमवारी हे ठिकाण उत्तर-पूर्व सीमेवर होतं. तिथल्या वाहिन्या तुटल्या, उत्तर विभाग एकटा पडला आणि बाहेरून येणारे सुमारे ५,८०० मेगावॅट एकदम गेले.

फ्रिक्वेन्सी किती वेगानं पडेल याचा ढोबळ हिशेब करता येतो. ३६,००० मेगावॅटच्या भारात ५,८०० ची तूट म्हणजे १६ टक्के. यंत्रांच्या जडत्वाचा स्थिरांक (फिरत्या यंत्रांत साठलेली ऊर्जा किती सेकंद पुरेल तो आकडा) ४ सेकंद धरला, तर सुरुवातीची घसरण सेकंदाला सुमारे १ हर्ट्झ येते. ४९.६८ वरून ४८.८ पर्यंत, म्हणजे भार कापणाऱ्या रिलेच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, यायला सेकंदही लागत नाही. गव्हर्नरला, म्हणजे टर्बाइनची गती सांभाळणाऱ्या यंत्रणेला, वाफेची झडप उघडायला काही सेकंद हवेत. माणसाला फोन उचलायलाही तेवढाच वेळ लागतो. एवढ्या अवधीत एकच गोष्ट कामी येते: ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला किंवा ठरलेल्या घसरणीच्या वेगाला फीडर, म्हणजे उपकेंद्रातून ग्राहकांकडे जाणाऱ्या वाहिन्या, आपोआप तोडणारे रिले.

ते रिले उत्तर विभागात होते. अंडर-फ्रिक्वेन्सीचे सुमारे ४,००० मेगावॅट आणि घसरणीच्या वेगावर चालणारे सुमारे ६,०००, असं दहा हजार मेगावॅटचं संरक्षण कागदावर मांडलेलं होतं. तूट ५,८०० ची होती. कागदातलं निम्म्याहून थोडं जास्त जरी प्रत्यक्षात चाललं असतं, तरी उत्तर विभाग अर्धवट दिव्यांनी का होईना, उभा राहिला असता. तेवढा भार कापलाच गेला नाही. या प्रकरणातली सर्वांत वेदनादायक बाब हीच आहे. यंत्र विकत घेतलेलं होतं, बसवलेलं होतं, यादीत होतं, आणि नेमक्या त्या सेकंदाला त्याचा उपयोग झाला नाही.

असं का होतं, हे फीडरवर काम करणाऱ्यांना ठाऊक असतं. रिले बसवल्यावर वर्षानुवर्षं त्यात चाचणी संचानं फ्रिक्वेन्सी घालून पाहिली जात नाही. ट्रिपची लिंक, म्हणजे रिलेचा आदेश ब्रेकरला (वीज तोडणाऱ्या स्विचला) पोहोचवणारी जोडणी, काढून ठेवलेली असते, कारण कधी तरी एखादा महत्त्वाचा फीडर उगाच तुटला होता. यादीतला फीडर भारनियमनात आधीच बंद असतो, मग तो तोडून काहीच सुटत नाही. यादी दिवसाच्या कमाल भारावरून केलेली असते आणि घटना पहाटे अडीचला घडते. घसरणीचा वेग मोजणाऱ्या रिलेची मोजणीची खिडकी इतकी लांब ठेवलेली असते की त्याचा निर्णय होईपर्यंत निर्मिती केंद्रं स्वतःच ट्रिप होतात.

मंगळवारची घटना जरा निराळी होती. हेलकाव्याचं केंद्र या वेळी पूर्व विभागात, पश्चिमेच्या सीमेजवळ पडलं. त्यामुळे पश्चिम विभाग बाकीच्यांपासून सुटला आणि त्याची फ्रिक्वेन्सी ५१.४ हर्ट्झपर्यंत चढली, कारण त्याच्याकडे वीज जास्त झाली होती. तो वाचला आणि महाराष्ट्रही त्याच्यासोबत वाचला. उत्तर, पूर्व आणि ईशान्य मिळून सुमारे ३,००० मेगावॅटची तूट उरली. तीन विभागांच्या आकारमानानं ही तूट मोठी नव्हे, सावरण्याजोगी होती. फ्रिक्वेन्सी ४८.१२ वर आली, पुरेसा भार इथेही कापला गेला नाही, निर्मिती संच एकामागून एक निघाले आणि तिन्ही विभाग बसले. दिल्ली मेट्रो बोगद्यात थांबली, शेकडो गाड्या रुळांवर अडकल्या, पूर्वेच्या कोळसा खाणींत लिफ्ट बंद पडून कामगार खाली राहिले.

काही बेटं मात्र तगली. नरोरा अणुवीज केंद्राच्या आसपासचा भाग, सोमवारी दिल्लीत बदरपूर, मंगळवारी दादरी आणि अंता इथली गॅस केंद्रं, कोलकात्यात सीईएससी या वीज कंपनीचा काही भाग. जिथे निर्मिती आणि भार जवळजवळ समान होते आणि वेगळं होण्याची व्यवस्था चालली, तिथे दिवे राहिले.

पुन्हा उभं करणं

बंद पडलेलं औष्णिक केंद्र स्वतःहून सुरू होत नाही. बॉयलर फीड पंप, पंखे, कोळशाच्या चक्क्या यांना आधी वीज हवी. संचाच्या क्षमतेच्या ७ ते ८ टक्के वीज त्याच्याच पोटात जाते. ही पहिली वीज जलविद्युत केंद्राकडून, गॅस टर्बाइनकडून किंवा शेजारच्या जिवंत विभागाकडून आणावी लागते. उत्तरेला ती दोन्ही दिवशी जलविद्युत केंद्रांसोबत शेजारच्या जिवंत भागांतूनही मिळाली. सोमवारी पूर्ण पुरवठा दुपारी ४ च्या सुमारास आला, मंगळवारी रात्री साडेनऊपर्यंत.

इतका वेळ लागण्याची कारणं तांत्रिक आहेत. रिकामी ४०० के.व्ही. वाहिनी चार्ज केली की ती कपॅसिटरसारखी वागते. शंभर किलोमीटरला ५५ एमव्हीएआरच्या आसपास रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर ती देते. दोनशे किलोमीटरची वाहिनी एखाद्या लहान जलविद्युत संचावर टाकली तर ते ११० एमव्हीएआर त्या संचाला शोषावे लागतात. ते झेपलं नाही तर दूरच्या टोकाला व्होल्टेज वर चढतं आणि ओव्हर-व्होल्टेज रिले वाहिनी परत काढतो. म्हणून ही जादा पॉवर शोषणारा शंट रिअ‍ॅक्टर आधी जोडायचा, जनरेटरचं व्होल्टेज थोडं खाली ठेवायचं, मगच ब्रेकर लावायचा. भार द्यायचा तो लहान तुकड्यांत, कारण १०० मेगावॅटच्या बेटावर एकदम २० मेगावॅटचा फीडर टाकला तर फ्रिक्वेन्सी कोसळून सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. शिवाय बराच वेळ बंद राहिलेला फीडर परत घेताना नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त भार ओढतो: सगळे फ्रिज, सगळे पंप, सगळे पंखे एकदम सुरू होतात. महाराष्ट्रात ही पहिली वीज देण्यासाठी कोयनेसारखी जलविद्युत केंद्रं मोलाची आहेत, ती याच कारणासाठी. त्यांच्या सरावात चाचणी बंद पडलेल्या संचापासून थेट औष्णिक केंद्राच्या बसपर्यंत (वाहिन्या जिथे एकत्र जोडतात त्या सामाईक वाहकापर्यंत) व्हायला हवी. डिझेल जनरेटर सुरू झाला म्हणजे सराव झाला, असं धरलं जातं. पण वाहिनीचं व्होल्टेज सांभाळण्याचा अवघड भाग त्यानंतरच सुरू होतो.

त्यानंतर काय बदललं

तपासाच्या वेळी आणखी एक अडचण पुढे आली. रिलेतल्या नोंदींची घड्याळं जुळत नव्हती. कोणती वाहिनी आधी तुटली हे ठरवायला मिलिसेकंद मोजावे लागतात आणि काही उपकेंद्रांची घड्याळं जीपीएसला बांधलेलीच नव्हती. उत्तर विभागात २०१० पासून प्रायोगिक म्हणून बसवलेल्या मोजक्या फेझर मेजरमेंट युनिटांच्या, म्हणजे पीएमयूंच्या, नोंदींचा तिथे उपयोग झाला.

पीएमयू व्होल्टेज आणि करंटचा आकडा तर देतंच, शिवाय त्यांचा कोनही देतं, सेकंदाला २५ किंवा ५० वेळा, प्रत्येक नोंदीवर उपग्रहाच्या वेळेचा शिक्का मारून. ५० हर्ट्झला १ अंश म्हणजे सुमारे ५५ मायक्रोसेकंद. म्हणून घड्याळ मायक्रोसेकंदापर्यंत अचूक लागतं आणि अँटेनाची केबल सैल झाली तरी कोन खोटा दिसू लागतो. देशभर पीएमयूंचं जाळं उभारण्याचा मोठा प्रकल्प पॉवरग्रिड या सरकारी पारेषण कंपनीनं २०१२ नंतर हाती घेतला. त्याची विश्लेषण सॉफ्टवेअर बनवण्यात आयआयटी मुंबईचा सहभाग होता. त्यातलं एक काम थेट बीनाच्या दुखण्यावरचं आहे: झोन ३ वर देखरेख. वाहिनीच्या दोन्ही टोकांचे फेझर एकत्र पाहिले की खरा दोष आणि जड भार यांतला फरक कळतो. भार तीनही फेजांत समतोल असतो आणि दोन्ही टोकांचा हिशेब जुळतो, दोषात तो जुळत नाही. जुळत असेल तर झोन ३ रोखायचा. तत्त्व सुंदर आहे. अडचण संदेशवहनाची आहे. संदेशाची वाट ज्या क्षणी सर्वांत जास्त गरजेची असते, त्याच क्षणी ती तुटलेली असू शकते. म्हणून संदेश आला नाही तर रिलेनं जुन्या पद्धतीनं वागायचं की थांबायचं, हे आधी ठरवून ठेवावं लागतं.

नियमही घट्ट झाले. परवानगीची फ्रिक्वेन्सी आधी ४९.७ ते ५०.२ आणि २०१४ मध्ये ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झवर आणली. वेळापत्रकाबाहेरची वीज स्वस्तात ओढण्याची वाट नव्या विचलन नियमांनी अरुंद केली. अंडर-फ्रिक्वेन्सी रिलेचे टप्पे वर सरकवले, म्हणजे भार आधीच्या क्षणी कापला जाईल. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ के.व्ही. रायचूर-सोलापूर वाहिनी चार्ज झाली आणि दक्षिण विभाग उरलेल्या देशाशी एका फ्रिक्वेन्सीत आला. त्या दिवसापासून भारताचं ग्रिड एकसंध आहे. पण दक्षिणेला वाचवणारी एचव्हीडीसीची भिंत आता पूर्वीसारखी एकटी नाही. एकाच्या अडचणीत दुसऱ्याची मदत मिळते, आणि अडचणही तितक्याच वेगानं पोहोचते.

सर्वांत महत्त्वाचा बदल राखीव क्षमतेचा. २०१२ मध्ये हातात राखीव असं फारसं काही नव्हतं. एप्रिल २०१६ पासून राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र केंद्रीय प्रकल्पांतली न मागितलेली क्षमता वर-खाली करवू शकतं. जानेवारी २०१८ मध्ये दादरी इथे स्वयंचलित निर्मिती नियंत्रणाचा प्रयोग सुरू झाला. पुढे ही दुय्यम राखीव सेवा नियमित झाली. केंद्रातून दर ४ सेकंदांनी संकेत जातो, संचानं ३० सेकंदांत प्रतिसाद सुरू करायचा आणि १५ मिनिटांत पूर्ण द्यायचा. माणसानं फोनवर विनंती करायची आणि समोरच्यानं ती मान्य करायची, ही जुनी साखळी इथे तुटली. जुलै २०१२ च्या चार कारणांपैकी सूचना न पाळण्याच्या कारणावर आतापर्यंतचा हा सर्वांत ठोस उपाय.

या सगळ्याची परीक्षा ५ एप्रिल २०२० च्या रात्री झाली. पंतप्रधानांच्या आवाहनावरून ९ वाजता घरोघरी दिवे मालवले गेले तेव्हा देशाची मागणी पाऊण तासाच्याही आत १,१७,३०० वरून सुमारे ८५,८०० मेगावॅटवर आली, म्हणजे ३१ हजारांहून जास्त मेगावॅटची घसरण, आणि मग ती परत चढली. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झच्या पट्ट्यात राहिली. मोठा वाटा जलविद्युतचा होता. संध्याकाळी मुद्दाम वर नेऊन ठेवलेली जलनिर्मिती २५,५५९ वरून ८,०१६ मेगावॅटवर उतरवली आणि पुन्हा चढवली. ही तयारी दोन दिवसांत, राज्यागणिक आकडे वाटून झाली होती. एक फरक लक्षात ठेवायला हवा: ही घसरण आधी माहीत होती, २०१२ ची नव्हती. आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी १० च्या सुमारास मुंबईची वीज गेली, तेव्हा शहराला वेगळं करून वाचवणाऱ्या बेट-योजनेनं अपेक्षित काम केलं नाही. बेट जगायचं तर आतली चालू निर्मिती आणि आतला भार यांचा मेळ त्या घडीला हवा. स्थापित क्षमतेचा आकडा तिथे कामाचा नसतो.

सौर वीज आल्यावर तोच हिशेब

आता वरचा घसरणीचा हिशेब पुन्हा मांडू, दुपारच्या वेळेसाठी. सौर पॅनेलच्या डीसीचं एसी करणाऱ्या इन्व्हर्टरला फिरतं वजन नसतं. औष्णिक संच कमी चालू असतील आणि जडत्वाचा स्थिरांक ४ ऐवजी २.५ सेकंद आला, तर त्याच १६ टक्के तुटीला फ्रिक्वेन्सी सेकंदाला १.६ हर्ट्झनं पडते. ४९.६८ वरून ४८.८ पर्यंत जेमतेम अर्धा सेकंद. रिलेची मोजणी आणि ब्रेकर उघडणं यांतच ०.२ सेकंद जातात. म्हणून बॅटरीच्या जलद प्रतिसादाची, सिंक्रोनस कंडेन्सरची (वीज न बनवता नुसतं फिरतं वजन पुरवणारं यंत्र) आणि ग्रिड घडवणाऱ्या, म्हणजे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी स्वतः उभी करणाऱ्या, इन्व्हर्टरची चर्चा आहे. बॅटरी विकत घेताना किती तास चालेल हे सगळे विचारतात. किती मिलिसेकंदांत पूर्ण क्षमतेला पोहोचेल आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीला आपणहून सुरू होईल, हे निविदेत लिहायलाच हवं.

महाराष्ट्रापुरता एक मुद्दा तातडीचा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत कृषी फीडर दिवसाच्या सौर विजेवर जात आहेत. योजना शेतकऱ्याच्या भल्याची आहे: रात्री शिवारात जाऊन मोटर सुरू करण्याचं संकट टळतं. पण अंडर-फ्रिक्वेन्सी यादीत अनेक ठिकाणी कृषी फीडर असतात, आणि ती यादी रात्रीच्या पाळीचा भार धरून केलेली असेल, तर पहाटे अडीचला तो भार आता तिथे नसेल. ३० जुलैची वेळ आठवावी.

दुसरी गोष्ट, रिले कुठे बसलाय ते पाहावं. या योजनेतला सौर प्रकल्प बहुधा स्वतःच्या वाहिनीनं ३३/११ के.व्ही. उपकेंद्राच्या बसला येतो. ट्रिप ११ के.व्ही.च्या बाहेर जाणाऱ्या कृषी फीडरवर असेल तर पंपांचा भार सुटतो आणि सौर प्रकल्प चालू राहतो. हे बरोबर. पण ट्रिप ३३ के.व्ही.च्या इनकमरवर (उपकेंद्रात वीज आणणाऱ्या जोडणीवर) किंवा वरच्या १३२ के.व्ही. ट्रान्सफॉर्मरवर असेल आणि दुपारी उपकेंद्राचा भार ३ मेगावॅट, सौर निर्मिती ५ मेगावॅट असेल, तर तो ब्रेकर उघडल्यानं ग्रिडचे २ मेगावॅट कमी होतात. तूट भरून काढण्याऐवजी वाढते. शहरी फीडरवर छतावरचं सौर वाढलं की हेच ११ के.व्ही.वरही घडतं. अंकीय रिलेत विजेच्या प्रवाहाची दिशा ओळखणारा घटक असतो. तो वापरून वीज वरच्या बाजूला जात असेल तर अंडर-फ्रिक्वेन्सी ट्रिप रोखता येते आणि त्याची जागा यादीतल्या पुढच्या फीडरला देता येते.

उपकेंद्र पातळीवर तपासणी करताना कागदावरचा मेगावॅट पुरत नाही. यादीतल्या प्रत्येक फीडरचा १५ मिनिटांचा भार वर्षभरासाठी काढावा आणि पहाटे ३, दुपारी १ आणि संध्याकाळी ७ अशा तीन वेळांची बेरीज वेगवेगळी मांडावी. ज्या वेळी बेरीज ठरलेल्या कोट्याच्या खाली जाते, त्या वेळेसाठी पर्यायी फीडर जोडावेत. रिलेत चाचणी संचानं घसरती फ्रिक्वेन्सी घालून ब्रेकर उघडणाऱ्या ट्रिप कॉइलपर्यंतचा वेळ मोजावा, केवळ रिलेचा दिवा लागला म्हणून थांबू नये. ट्रिप लिंक जागेवर आहे का, डीसी पुरवठा कोणत्या बॅटरीवरून येतो, घड्याळ जीपीएसशी जुळतंय का, हे त्याच भेटीत पाहावं. झोन ३ च्या सेटिंगसाठी वाहिनीचा आपत्कालीन भार आणि ०.८५ पट व्होल्टेज धरून भाराचा रोध काढावा आणि तो रिलेच्या रेझिस्टिव्ह पोहोचेबाहेर पुरेशा अंतरावर राहतो का ते आकृतीवर उतरवून पाहावं. शेजारचं सर्किट देखभालीला काढण्यापूर्वी हाच हिशेब उरलेल्या एका सर्किटवर सगळा भार टाकून पुन्हा करावा, कारण बीनाला नेमकी तीच स्थिती होती.